चीनमध्ये इंग्रजी शिकवायला जातेय. रोजचं जगणं कसं असतं?

मधुरा_डोंबिवली | १२ जून

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचक होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

माहेर डोंबिवली, गेली सतरा वर्षं ऑकलंडला आहे. न्यूझीलंडचं नागरिकत्व घेतलंय. इथल्या एका शाळेत अकरा वर्षं इंग्रजी शिकवते. मुलगी यंदा शिकायला दुसऱ्या शहरात गेली आणि नवरा वर्षातले सहा महिने जहाजावर असतो. घरात मी आणि टीव्ही.

चीनच्या हबेई प्रांतात, शिजियाझुआंग शहरातल्या एका विद्यापीठाने एक वर्षासाठी बोलावलं आहे. आठवड्याला १६ तास, आवारातच छोटा फ्लॅट, ऑगस्टअखेर हजर व्हायचं. विषय 'इंग्रजी संभाषण'.

नेटवर पगाराची चर्चा भरपूर सापडते, मला रोजचं जगणं कळून घ्यायचंय. मी शाकाहारी आहे, अंडं चालतं. चिनी भाषेचा एक शब्द येत नाही. वय ४६. एकटी बाई म्हणून निभेल का? आणि मनातलं खरं सांगायचं तर, पन्नास मुलांच्या वर्गात 'बोलायला' शिकवून त्या मुलांना खरंच काही मिळतं का? तिथे राहिलेल्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल.

मिठू | १२ जून

वाचतेय. बहिणीलाही विचारणा झाली आहे.

उत्तरध्रुव | १२ जून

मधुराताई, अभिनंदन. मी सहा वर्षं छांगशाला होतो, हूनान प्रांतात, २०१४ ते २०२०. ब्रिटिश पासपोर्ट. आधी कागदपत्रांचं सांगतो, कारण वेळ त्यातच जातो.

पदवी आणि पोलिसांचा दाखला, दोन्हीवर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का, करून घ्या. पूर्वी चिनी वकिलातीत खेपा घालाव्या लागायच्या. नोव्हेंबर २०२३ पासून चीन अपोस्टिल करारात आला, त्यामुळे ते काम खूप सुटसुटीत झालंय. व्हिसा 'झेड'च हवा, म्हणजे नोकरीचा. 'आधी पर्यटक म्हणून या, मग बघू' असं कुणी म्हणालं तर तिथेच नाही म्हणा. पोचल्यावर २४ तासांत पोलीस ठाण्यात पत्त्याची नोंद आणि ३० दिवसांत निवासी परवान्याचा अर्ज. विद्यापीठाचा माणूस सोबत येतो. वैद्यकीय तपासणी होते: रक्त, ईसीजी, छातीचा एक्स-रे. घाबरू नका, एका सकाळीत उरकते.

फोनवर अलिपे आणि वीचॅट निघायच्या आधीच घ्या आणि तुमचं कार्ड जोडून ठेवा. भाजीवालीसुद्धा क्यूआर कोडवरच पैसे घेते. व्हॉट्सअ‍ॅप, गुगल, यूट्यूब तिथे चालत नाही, तेव्हा ऑकलंडच्या घरच्यांना वीचॅट घ्यायला लावा (भारतात २०२० पासून त्यावर बंदी आहे). माझ्या आईने तेव्हा पंच्याहत्तराव्या वर्षी ते शिकून घेतलं आणि रोज सकाळी मला फुलांचे फोटो पाठवायची.

वर्गाबद्दल सवडीने लिहितो. त्यावर खूप सांगण्यासारखं आहे.

स्पष्टवक्ता | १३ जून

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नये. या नोकऱ्यांमध्ये परदेशी शिक्षक हा शोभेचा असतो. प्रवेशाच्या माहितीपत्रकात फोटो छापायला. परीक्षा चिनी शिक्षक घेतात, व्याकरण चिनी शिक्षक शिकवतात, तुमच्या तासाचे गुण नाममात्र. माझा मित्र दोन वर्षांत कंटाळून परतला. शिवाय आपला रंग. अर्ज केला की आधी फोटो मागतात, ते कशासाठी हे सगळ्यांना ठाऊक आहे. अकरा वर्षांची पक्की नोकरी सोडून जाऊ नये.

रेवा_लंडन | १३ जून

स्पष्टवक्ता, फोटोचं म्हणणं खरं आहे आणि ते मी सोसलंय. जन्म लंडनचा, पासपोर्ट ब्रिटिश, इंग्रजी साहित्यात पदवी. फोनवरच्या मुलाखतीत सगळं ठरलं, फोटो गेला आणि दुसऱ्या दिवशी 'जागा भरली'. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा मी रडले.

चौथी जागा छंगदूला मिळाली, लहान मुलांच्या शिकवणी वर्गात. तिथे एका आजीने पहिल्याच दिवशी नातीला माझ्यासमोर बसवून विचारलं, "ही खरी इंग्रज आहे का?" नात सात वर्षांची. तिने मला विचारलं, "तू रंग लावलायस?" मी तिला हात लावून पाहायला सांगितला. तिने पाहिला, आणि मग दोन वर्षं ती मुलगी माझा हात धरूनच वर्गात यायची.

पण तेव्हाचे ते शिकवणी वर्ग आता राहिलेले नाहीत. जुलै २०२१ मध्ये सरकारने 'दुहेरी ओझं कमी' करण्याचं धोरण आणलं. शाळेतल्या विषयांच्या नफ्यासाठी चालणाऱ्या शिकवण्या बंद, शनिवार-रविवार आणि सुट्टीत शिकवणं बंद, देशाबाहेर बसून ऑनलाइन शिकवणारे परदेशी शिक्षकही बंद. आमचं केंद्र दोन महिन्यांत मिटलं. शेवटचा पगार मिळाला नाही. मधुराताईंचं मात्र विद्यापीठ आहे, तिथली गोष्ट निराळी.

कैरी | १३ जून

भारतीय पासपोर्टवर जमतं का? एमए इंग्रजी, पुणे विद्यापीठ.

उत्तरध्रुव | १३ जून

कैरी, इंग्रजी शिकवण्यासाठी अवघड आहे. ज्या देशांची मातृभाषा इंग्रजी मानली जाते तिथला पासपोर्ट मागतात: ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड, दक्षिण आफ्रिका. आंतरराष्ट्रीय शाळांमध्ये गणित-विज्ञान शिकवणारे भारतीय पासपोर्टवाले मला भेटलेत. आयुष्यभर इंग्रजीत शिकलेल्या माणसाला पासपोर्ट बघून नाकारणं मला अन्यायाचंच वाटतं.

फोडणी | १४ जून

आता माझा विषय. :) नवरा कापडाच्या धंद्यात, आम्ही नऊ वर्षं शाओशिंगजवळ ख-छ्याओला होतो. तिथल्या कापडबाजारामुळे भारतीय खूप, वाण्याचं दुकानसुद्धा होतं. तुझ्या शहरात तसं काही मिळेल असं धरून चालू नकोस.

पहिलं वाक्य पाठ कर: "वो छ्‌ सू", म्हणजे मी शाकाहारी. पण तेवढ्याने भागत नाही. 'मांस नको' म्हटलं की मोठे तुकडे काढतात, खिमा तसाच राहतो, कारण तो त्यांच्या लेखी चवीपुरता. मापो तोफूत, म्हणजे सोयापनीरच्या तिखट भाजीत, खिमा असतो. भाजीच्या सूपमध्ये हाडाचा अर्क असतो. प्रत्येक पदार्थाला वेगळं विचारायचं.

डोळे मिटून मागवता येणारे: टोमॅटो-अंड्याची भाजी, आंबट-तिखट बटाट्याचा कीस (अगदी आपल्या उपासाच्या किसासारखा चिरतात, पण कच्चट कुरकुरीत ठेवतात), आणि ती-सान-श्यन, म्हणजे वांगं, बटाटा, ढोबळी मिरची. मोठ्या बौद्ध मंदिराजवळ शाकाहारी खानावळ बहुधा असतेच. हबेई गव्हाचा मुलूख, तेव्हा नूडल्स, वाफवलेले मान्थौ (गव्हाचे पाव), तिळाची भाकरीसारखी शाओ-पिंग मिळेल. फक्त शाओ-पिंगच्या पोटात काय भरलंय ते विचार. त्या भागात गाढवाचं मांस भरून खातात.

मूग मिळतात, शेंगदाणे उत्तम मिळतात, साबुदाणा 'शी-मी' नावाने मिळतो. बारीक असतो, कमी भिजव. तूरडाळ, पोहे, हिंग बरोबर ने. हिंग संपला की मला सांग, यीवूच्या एका दुकानाचा पत्ता देते, ते ऑनलाइन पाठवतात.

मिठू | १४ जून

गाढव?!

फोडणी | १४ जून

हो. आणि त्यांना आपल्या कारल्याच्या लोणच्याचं तितकंच आश्चर्य वाटतं.

हणमंत_सोलापूरकर | १५ जून

मी चीनला कधी गेलो नाही, पण शिजियाझुआंग हे नाव वाचून राहवलं नाही. मधुराताई, आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस त्याच गावात चिरविश्रांती घेत आहेत. १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक चीनला पाठवलं: अटल, चोळकर, कोटणीस, बसू, मुखर्जी. चोळकर नागपूरचे. पाचही जणांनी आपल्या चिनी नावाच्या शेवटी 'ह्वा' जोडून घेतलं, म्हणजे चीन. बाकीचे परतले. कोटणीस राहिले, कॅनडाचे डॉक्टर बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्याच परिचारिकेशी, क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला गेले. वय ३२. मुलगा तेव्हा चार महिन्यांचाही नव्हता. त्याचं नाव यिन-ह्वा, म्हणजे भारत-चीन.

सोलापुरात त्यांच्या घराचं स्मारक केलं आहे, आम्हाला शाळेतून नेलं होतं. आमच्या वतीने तिथे एक फूल वाहाल का?

मधुरा_डोंबिवली | १५ जून

हणमंतराव, अंगावर काटा आला. हे गाव आणि कोटणीस यांची सांगड मला माहीतच नव्हती. नक्की जाईन. शब्द दिला.

सगळ्यांचे मनापासून आभार. स्पष्टवक्ता, तुम्ही लिहिलंत तेच मला रात्री झोपू देत नाहीये, म्हणून राग अजिबात नाही.

उत्तरध्रुव | १६ जून

आता वर्गाचं.

पहिल्या दिवशी ४८ मुलं, अठरा-एकोणीस वर्षांची, आणि टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. प्रश्न विचारला की सगळ्यांच्या माना खाली. मला वाटलं, यांना येत नाही. पण लिहायला दिल्यावर थक्क झालो. काहींचं व्याकरण माझ्यापेक्षा पक्कं. चीनमध्ये २००१ पासून तिसरीपासून इंग्रजी शिकवायचं ठरलं, आणि काओ-खाओ या प्रवेशपरीक्षेत ७५० पैकी १५० गुण इंग्रजीचे. रात्री नऊ-दहापर्यंत शाळेत बसून शब्द पाठ केलेली मुलं ही. पण ती भाषा त्यांनी कुणाशी कधी बोललेलीच नसते. त्यांच्याकडे याला शब्दच आहे, 'या-पा यिंग-यू', मुकी इंग्रजी.

मुक्या माणसाला चारचौघांत उभं करून बोल म्हणायचं नाही, हे कळायला मला एक सत्र लागलं. मग आधी दोन मिनिटं विचार करायला, मग शेजाऱ्याशी बोलायला, मग चौघांत, आणि शेवटी ज्याला वाटेल त्याने वर्गात. वीचॅटवर अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप पाठवायचा गृहपाठ दिला. वर्गात कधीच न बोललेली एक मुलगी रोज रात्री निरोप पाठवू लागली. आजीच्या शेताबद्दल. ४० सेकंद, मग दोन मिनिटं, मग पाच. चौथ्या महिन्यात तिने वर्गात हात वर केला. स्पष्टवक्तांना एवढंच सांगेन, माहितीपत्रकावर माझा फोटो होता हे खरं. ती मुलगी त्या फोटोत नव्हती.

चुकांची मजाही असते. हूनानमध्ये 'न' आणि 'ल' यांची अदलाबदल होते, त्यामुळे निबंध वाचताना 'आय लव माय नाइफ'. ही आणि शी तर कायम उलटसुलट, कारण चिनीत दोन्हींचा उच्चार एकच, 'था'. क्रियापदाला काळाची रूपंच नाहीत, म्हणून 'यस्टर्डे आय गो'. हे कळलं की चूक दिसल्यावर चीड येत नाही.

हिवाळ्याचं सांगून थांबतो. सरकारी हीटिंग उत्तरेकडेच असतं, छांगशाला ते नव्हतं, मी कोट घालून शिकवायचो. तुमच्या शहरात १५ नोव्हेंबर ते १५ मार्च घर उबदार असेल. हवा मात्र त्या दिवसांत वाईट असते, मास्क न्या.

रेवा_लंडन | १६ जून

उत्तरध्रुव, तुम्ही २०२० मध्ये परत का आलात?

उत्तरध्रुव | १६ जून

आलो नाही, अडकलो. वसंतोत्सवाच्या, म्हणजे चिनी नववर्षाच्या, सुट्टीत आईला भेटायला नाशिकला आलो होतो. कोविडमुळे २८ मार्च २०२० पासून चीनमध्ये परदेशी लोकांना प्रवेश बंद झाला. दीड वर्ष ऑनलाइन शिकवलं आणि मग करार संपला. पुस्तकं, स्वयंपाकाची भांडी, सायकल, सगळं एका विद्यार्थ्याने खोली रिकामी करून आपल्या गावी नेलं. अजून जपून ठेवलंय म्हणतो.

अक्षरवेल | १७ जून

थोडं अवांतर, पण मधुराताईंना उपयोगी पडेल. भाषाशास्त्र शिकले आणि एक वर्ष पेइचिंगला होते.

चिनी शब्द रोमन लिपीत लिहिलेले असतात आणि आपण ते इंग्रजीसारखे वाचतो. तिथेच घोळ होतो. मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, आपल्यासारखे घोष ब, द, ग नाहीतच. फरक आहे तो प आणि फ, त आणि थ, क आणि ख यांच्यात, म्हणजे अल्पप्राण आणि महाप्राण. हा फरक आपण पाळण्यात शिकतो. म्हणून रोमन 'बी' दिसला की प म्हणा, 'पी' दिसला की फ (ओठ मिटून, फुलातला). 'डी' म्हणजे त, 'टी' म्हणजे थ. 'जी' म्हणजे क, 'के' म्हणजे ख. बीजिंग नव्हे, पेइचिंग.

आणि आपले दोन च! चुलीतला च आणि चिमट्यातला च. हिंदीवाल्यांकडे चुलीतला नाही. मँडरिनमध्ये दोन्ही आहेत: 'झेड' लिहिलेला चुलीतला, 'जे' लिहिलेला चिमट्यातला. मराठी माणसाला हे फुकट मिळालेलं आहे.

राहता राहिले सूर. चार आहेत आणि ते शब्दाचाच भाग असतात. माई आधी खाली नेऊन मग वर उचलला की विकत घेणं, वरून खाली आपटला की विकणं. शब्द पाठ करताना सुरासकट पाठ करा.

फोडणी | १७ जून

+१. माझी एक मैत्रीण हॉटेलात 'श्वेइ-च्याओ'चा भाव विचारायला गेली आणि सूर चुकला. डंपलिंगऐवजी झोपेचा भाव विचारला गेला! वेटर गोड होता, हसला आणि गरम पाणी आणून दिलं.

अरे हो, गरम पाणी. डोकं दुखतंय? गरम पाणी प्या. पोट बिघडलं? गरम पाणी. प्रत्येक मजल्यावर उकळत्या पाण्याचा नळ असतो आणि प्रत्येकाच्या हातात थर्मास. माझ्या सासूबाई तिथे आल्या तेव्हा म्हणाल्या, ही माणसं शहाणी आहेत.

स्पष्टवक्ता | १८ जून

उत्तरध्रुव, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मित्राला पाठवला. तो म्हणाला, त्याने कधी चौघांचे गट करून पाहिले नाहीत. माझं मत थोडं बदललं आहे. मधुराताई, तरी सध्याची नोकरी सोडू नका, बिनपगारी रजा मिळते का ते विचारा.

मधुरा_डोंबिवली | २९ जून

विचारलं. मिळाली! एक वर्ष. स्पष्टवक्ता, हे केवळ तुमच्यामुळे सुचलं. २४ ऑगस्टचं तिकीट काढलंय.

मिठू | १० सप्टेंबर

मधुराताई, पोचलात का? आज चीनमध्ये शिक्षकदिन ना?

मधुरा_डोंबिवली | १४ सप्टेंबर

पोचले. फोन सुरू, घर लागलं, अपोस्टिलचे कागद सगळे चालले. शिक्षकदिनी वर्गाच्या मॉनिटरने फुलं आणली आणि ४६ मुलांनी उभं राहून 'लाओ-श्‌', म्हणजे शिक्षक, म्हटलं. पुढचं सवडीने लिहिते. रात्री फार एकटं वाटतं, एवढं मात्र आहे.

फोडणी | १४ सप्टेंबर

ऐक. संध्याकाळी सात वाजता आवाराबाहेरच्या चौकात जा. बायका स्पीकर लावून नाचत असतील. शेवटच्या रांगेत उभी राहा. कुणी काही विचारणार नाही. चौथ्या दिवशी सगळं विचारतील.

मधुरा_डोंबिवली | ६ एप्रिल

मंडळी, इतके महिने गायब होते त्याबद्दल क्षमा. आज सगळं सांगायचंय.

फोडणी, तिसऱ्याच दिवशी विचारलं. वय किती, पगार किती, मुलं किती, नवरा कुठे. डोंबिवलीच्या गाडीत चौथ्या सीटवर बसल्यासारखं वाटलं आणि इतकं बरं वाटलं! आता रोज जाते. वाटेत भेटलं की म्हणतात, "छ्‌ ल मा?" म्हणजे जेवलात का. आवारातली लहान मुलं माझ्या वयाच्या बाईला मावशी-काकू अशा अर्थाने हाक मारतात, ती हाक आहे 'आ-यी'. पहिल्यांदा जिन्यात मागून एक पोरगं "आयी!" म्हणून ओरडलं तेव्हा मी चटकन वळले. माझी लेक लहान असताना अशीच हाक मारायची. त्या रात्री तिला फोन केला आणि दोघी रडलो.

वर्ग: उत्तरध्रुवांची पद्धत तशीच्या तशी उचलली. दोन मिनिटं, दोघं, चौघं. आवाजी निरोप आठवड्याला दीडशेच्या वर येतात, ऐकताना जेवण थंड होतं, पण एकही सोडत नाही. सात-आठ मुलं अजून बोलत नाहीत. त्यांच्यापर्यंत मला पोचता आलेलं नाही.

आता हणमंतराव, तुमचं काम.

मी सप्टेंबरातच जाणार होते. टॅक्सीवाल्याला कोटणीसांचं चिनी नाव सांगितलं, 'के दिहुआ'. त्याला कळेना. तीनदा सांगितलं, नाहीच कळलं. फोन दाखवून कसंबसं पोचले, तर फाटक बंद झालेलं. मग परीक्षा, थंडी, धूर, राहून गेलं.

परवा छिंग-मिंग झाला, पूर्वजांच्या समाध्या झाडण्याचा दिवस. आदल्या दिवशी वर्गात सहज म्हटलं, की मला इथे एकाच्या समाधीला जायचंय, तो माझ्या प्रांतातला होता. कोण म्हणून विचारलं. अक्षरवेलने सांगितलेलं आठवून म्हटलं, 'के' म्हणजे ख, 'डी' म्हणजे त. "ख तीह्वा."

वर्ग एकदम जागा झाला. "ख तीह्वा? लाओ-श्‌, तुम्ही त्यांच्या गावच्या?" सगळ्यांना माहीत होते. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो सात महिने बोलला नव्हता, तो उठून इंग्रजीत म्हणाला, "माय ग्रँडफादर्स टाउन. ही डाय देअर." तो थांग जिल्ह्यातला. कोटणीस तिथेच गेले.

आम्ही अकरा जण गेलो. तो मुलगाही आला. पांढरी-पिवळी शेवंती वाहिली. एक फूल सोलापूरचं, हणमंतराव, आणि एक नागपूरच्या चोळकरांच्या नावाने मीच वाहिलं. जवळच बेथून यांचीही समाधी आहे. त्या मुलाने विचारलं, आई त्यांना काय म्हणून हाक मारायची? मला ठाऊक नव्हतं. मग पूर्ण नाव शिकवलं. 'द्वारकानाथ' त्यांना जमलं, शेवटी थोडा 'अ' लावतात इतकंच. 'कोटणीस'मधला ण काही केल्या येईना. अकरा जण बाकावर बसून अर्धा तास ण म्हणत होतो. परत येताना बसमध्ये त्या मुलाला तो आला. त्याने तो मला आवाजी निरोपात पुन्हा पाठवलाय, आठ सेकंद.

विद्यापीठाने विचारलंय, आणखी एक वर्ष थांबाल का. महिनाअखेर सांगायचंय. ऑकलंडच्या शाळेला रजा वाढवून मागितली आहे.

फोडणी, हिंग संपत आलाय. यीवूचा तो पत्ता पाठवशील का?